निवदाआधीचं ताट

उमरठच्या वर, डोंगराच्या कुशीत, पंधरा घरांची एक वस्ती आहे. तिला सगळे वरचा कोंड म्हणतात. श्रावण-भाद्रपदात तिथं ढग आभाळात नसतातच. ते अंगणात येऊन बसतात, ओटीवर चढतात, चुलीच्या धुरात मिसळतात आणि मागच्या दारानं निघून जातात. समोरचं घर दिसत नाही, पण त्या घरातल्या बाईच्या बांगड्या मात्र कानाशी वाजल्यासारख्या ऐकू येतात.

अशाच एका सकाळी सारिका चार वर्षांनी सासरच्या अंगणात उभी राहिली. खांद्याला पिशवी, पायाला चिखल. आपण या उंबऱ्याच्या आत जायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं. चार वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर सासू तिला म्हणाली होती, "माझ्या हातचं तुला चालत नाय ना? मंग माझ्या दारात पाय ठेवायचा नाय."

झालं होतं असं. सारिका मुंबईत एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती आणि नवरा सुनील गाडीवर ड्रायव्हर. लग्नानंतर सातव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि नऊ दिवसांनी गेली. त्यानंतर सारिका बसली ती बसलीच. दुसऱ्यांची बाळं न्हाऊमाखू घालणारे हात मांडीवर नुसते पडून राहायचे. तेव्हा दवाखान्यातली सेजल नावाची नर्स रोज ड्युटी संपली की तिच्या खोलीवर यायची. बोलायची काही नाही. शेजारी बसायची, तिचा हात हातात घ्यायची आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायची. सतराव्या की अठराव्या दिवशी सारिकाला रडू फुटलं. त्या रडण्यात कुणीतरी आपल्याला धरून ठेवलंय, पडू देत नाही, असं तिला वाटलं, आणि ते हात सेजलताईचे नव्हते. पुढं वर्षभरानं तिनं बाप्तिस्मा घेतला. सुनील म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना? मग झालं."

पण चर्चच्या मंडळीत जाऊ लागल्यावर तिला एक वही मिळाली. सेजलताईच्या नेटक्या अक्षरात, काय करायचं आणि काय टाळायचं याचे सतरा नियम. निवेद-प्रसाद खायचा नाही. दुसऱ्या देवाचं नाव असलेलं गाणं तोंडी घ्यायचं नाही. असंच पुढं. सारिका रोज सकाळी वही उघडायची आणि पाळलेल्या नियमापुढं खूण करायची. ज्या दिवशी सतराही खुणा व्हायच्या त्या दिवशी तिला हलकं वाटायचं. एखादी चुकली की दिवसभर छातीवर दगड. गौरींच्या सणाला गावी आली तेव्हा सासूनं, रंगूबाईनं, प्रेमानं पुढं केलेला प्रसाद तिनं घेतला नाही. हात मागे बांधून उभी राहिली. भरल्या घरात म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला. तिथून पुढं दोघींमध्ये एक शब्द नाही.

आणि आता रंगूबाईला लकवा झाला होता. शेजारच्या गोमाजीनानांनी फोन करून सांगितलं, "उजवं अंग गेलंय. वाचा पन गेली. महाडला नेलं व्हतं, आता घरी आनलीय. कोन करनार हिचं?" सुनील आला, आठ दिवस राहिला, रजा संपली. मग सारिकानं बिनपगारी सुट्टी टाकली आणि ती आली.

रंगूबाई माजघरात खांबाला टेकून बसली होती. तोंड एका बाजूला उतरलेलं, केस विस्कटलेले. सारिकाला बघून तिचे डोळे मोठे झाले.

"हेच गो," ती म्हणाली.

"काय, आई?"

"हेच गो… हेच गो…"

एवढे दोनच शब्द तिच्याजवळ उरले होते. पाणी हवं असेल तरी हेच गो, कूस बदलायची असेल तरी हेच गो. जिभेवर फटकळपणा खेळवणारी ही बाई आता त्या दोन शब्दांत कोंडली गेली होती. चिडली की डाव्या हातानं खांबावर थाप मारायची आणि तेच म्हणायची. सारिका तिला न्हाऊ घालायची, भरवायची, दुखऱ्या हाताला तेल लावायची. दवाखान्यातलं शिकलेलं सगळं करायची. पण दोघी एकमेकींच्या डोळ्यांकडं बघायचं टाळायच्या.

महिना असाच गेला. धुक्यानं घर भरायचं आणि रिकामं व्हायचं. कधी कधी सारिकाला वाटायचं, हे घर जमिनीवर नाहीच, कुठंतरी ढगात तरंगतंय आणि त्यात आपण दोघीच आहोत.

भाद्रपदातल्या एका सकाळी खालच्या शेतांत बाया भातातलं गवत बेणून काढत होत्या. दिसत काहीच नव्हतं. पांढऱ्या धुक्याच्या तळातून फक्त गाणं वर येत होतं, पाण्यातून बुडबुडे यावेत तसं. सारिका चुलीपाशी भाकरी थापत होती. तेवढ्यात घरातूनच एक आवाज त्या गाण्यात मिसळला. घसा बसलेला, पण सुरात. आणि शब्द स्वच्छ, अख्खे, एकही न तुटलेला:

"डोंगराच्या गो आड, कुनाचं भात पिवळं,
सोमजाई मायेनं, टाकलं ऊन कवळं…"

कोण आलं म्हणून सारिकानं मागं वळून बघितलं. कुणीच नव्हतं. रंगूबाई खांबाला टेकून, डोळे मिटून गात होती.

सारिकाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आई! आई, तुम्ही बोललात! परत बोला ना!"

रंगूबाईनं डोळे उघडले. ओठ हलवले. "हेच गो…" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

कोंडात फोनला रेंज एकाच ठिकाणी मिळते, वस्तीच्या वरच्या कातळावर. सारिका धावत तिथं गेली आणि महाडच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. बोलायची वाट बंद होते, पण गाण्याची वाट कधी कधी उघडी राहते. त्यांच्याबरोबर गा. हळूहळू त्याच चालीवर रोजचे शब्द घालून बघा. पाणी, जेवण, काहीही. पण त्यांना येतंय त्याच गाण्यानं सुरुवात करा."

सारिका कातळावरच बसून राहिली. त्यांना येतंय ते गाणं म्हणजे सोमजाईचं. कोंडाच्या ग्रामदेवतेचं. वहीतला नववा नियम. तिनं सेजलताईला फोन केला.

"सारिका, मला तुझी अडचण कळते," सेजलताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "पण गाणं म्हणजे दार असतं गं. एकदा किलकिलं केलं की काय आत येईल सांगता येत नाही. तू आपलीच गाणी शिकव ना त्यांना."

"त्यांना येत नाहीत, ताई. नवीन काही जात नाही त्यांच्या डोक्यात."

"मग प्रार्थना कर. मीही करते."

सारिकानं मधला मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासूसमोर मांडी घालून बसली, तिचा डावा हात हातात घेतला, त्यावर ठेका धरला आणि नुसती चाल गुणगुणू लागली. रंगूबाई बघत राहिली. मग तिनं शब्द धरले. सारिकाही हळूहळू डोंगर, भात, ऊन म्हणू लागली. पण सोमजाईचं नाव आलं की ती तोंड मिटायची.

पहिल्या दिवशी त्या जागी गाणं तुटलं. रंगूबाईनं सुनेकडं निरखून बघितलं. चार वर्षांपूर्वीचा तो हवेत राहिलेला हात सारिकाला आठवला आणि तिनं मान खाली घातली. आता खांबावर थाप बसणार. पण थाप बसली नाही. म्हातारीनं परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्या नावाशी आल्यावर सारिका थांबली, तेव्हा रंगूबाईनं एकटीनंच ते नाव म्हटलं आणि सुनेचा हात दाबून तिला पुढच्या शब्दावर घेतलं. ओढा ओलांडताना लहान पोराला कडेवर घेऊन पलीकडं उतरवावं, तसं. त्यानंतर रोज तसंच. त्या एका शब्दापुरती म्हातारी एकटी गायची, बाकी दोघी मिळून.

पंधरा दिवसांत चालीवर नवे शब्द बसू लागले. "पानी दे गो, पानी दे." "पाय दुखतो, पाय दुखतो." बोलायला गेली की हेच गो, पण सूर धरला की शब्द सापडायचे. दारावरून जाणारी माणसं थांबून ऐकायची. गोमाजीनाना हसून म्हणायचे, "रंगू, उभ्या जन्मात येवढी गोड बोलली नव्हतीस!"

एका दुपारी, धुकं थोडं वर सरकलेलं, अंगणाच्या कडेला तेरडा गुलाबी होऊन डोलत होता. सारिका सासूचे केस विंचरत होती. रंगूबाई बराच वेळ नुसती गुणगुणत होती. मग त्याच चालीवर तिनं हळूच विचारलं,

"सारके गो, सारके, पोरीचं नाव काय ठेवलं व्हतंस?"

फणी थांबली. गेल्या पाच वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. बारसं व्हायच्या आत गेलेल्या बाळाला नाव कुठलं? सुनीलसुद्धा 'ती' म्हणायचा. नाव फक्त सारिकाला माहीत होतं, आणि ती ज्या देवापाशी ते रोज पहाटे घ्यायची त्याला.

तिला बोलताच येईना. हेच गो म्हणणाऱ्या सासूसारखं तिचंही झालं. मग तिनं सूर धरला, आणि सुरात ते नाव बाहेर आलं.

"ऋतिका, आई… ऋतिका."

"ऋतिका गो, ऋतिका," म्हातारी गाऊ लागली. "माझी नात गो, ऋतिका. मी आले न्हाय बघाया, मला भ्याव वाटलं, बघाया…"

सारिका तिच्या पाठीला चिकटून रडली. रंगूबाई डोलत राहिली, तेच नाव पुन्हा पुन्हा घेत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ढग पुन्हा खाली उतरले, तेरडा दिसेनासा झाला, घर तरंगू लागलं. आणि त्या पांढऱ्या शांततेत सारिकाला पाच वर्षांपूर्वीचा तो स्पर्श पुन्हा जाणवला. तसाच. धरून ठेवणारा. ती दचकली. इतकी वर्षं ती खुणा करत आली, पण तो काही असा आला नव्हता. आणि आज आला तो या घरात, या गाण्यात, जिथं येऊ नये म्हणून ती जपत आली होती तिथं.

त्या रात्री तिनं खुणा केल्या नाहीत. विसरलीच. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं प्रार्थना केली ती सासूच्याच चालीवर. शब्द तिचे, येशूला हाक मारणारे, चाल कोंडाची. माजघरातून रंगूबाईनं नुसता सूर दिला. येशूच्या नावाशी म्हातारी तोंड मिटून थांबली, आणि सारिकानं एकटीनं ते नाव म्हटलं.

अश्विनात, सारिका कातळावर असताना, सेजलताईचा फोन आला. ती भेटायला येत होती. "तुझी काळजी वाटते," एवढंच म्हणाली. यायचा दिवस नेमका नव्याच्या पुनवेचा. त्या दिवशी नव्या भाताचा पहिला तांदूळ शिजतो, त्याचा निवेद सोमजाईला जातो, आणि मगच घरातलं माणूस नवं अन्न तोंडात घालतं. रंगूबाईनं आयुष्यात हा क्रम कधी मोडला नव्हता. भूक लागून रडणाऱ्या लहानग्या सुनीललाही तिनं निवेद होईपर्यंत थांबवलं होतं, असं तो सांगायचा. निवेदाचा स्वयंपाक करायला गोमाजीनानांची सून श्रुतिका येणार होती.

सेजलताई रेल्वेनं वीरला उतरली, रिक्षानं महाडला आली, तिथून एसटीनं पोलादपूरला. सारिका तिला घ्यायला पोलादपूरच्या स्टँडवर गेली होती. दोघी जीपनं उमरठपर्यंत आल्या आणि पायवाट चढू लागल्या. सोनकीच्या फुलांनी उतार पिवळा झाला होता. सेजलताई दमत होती, थांबत होती. सारिकानं वाटेत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे तू त्यांचं गाणं म्हणतेस," सेजलताई म्हणाली.

"हो."

"आणि आज घरी निवेद आहे."

"हो, ताई."

सेजलताई पुढं चढू लागली. तिच्या कपाळावरची आठी मात्र सारिकाला दिसली, आणि जुना दगड छातीवर येऊन बसला. आज जेवायचं कसं? ताई जेवणार नाहीत. आपण? पुन्हा हात मागे बांधायचे? पुन्हा म्हातारीचा हात हवेत?

घरी पोहोचल्या तेव्हा माजघरात तांदळाचा वास भरला होता. नव्या भाताला एक वेगळाच वास असतो, दुधासारखा, ओल्या मातीसारखा. रंगूबाई नीटनेटकं लुगडं नेसून पाटाशेजारी बसली होती. कोपऱ्यात केळीच्या पानावर सोमजाईचा निवेद वाढलेला होता. आणि वेगळी, पितळेच्या झाकणांनी झाकलेली दोन ताटं मधोमध मांडलेली.

"बसा, ताई," श्रुतिका म्हणाली.

सेजलताई बसली, पण हात पुढं केला नाही. अवघडून म्हणाली, "आजी, रागावू नका. आमच्यात देवाला दाखवलेलं चालत नाही. मी नुसतं पाणी घेते."

सारिकानं डोळे मिटून घेतले.

रंगूबाईनं डाव्या हातानं झाकणं काढली. ताटांत भात होता, वर दूध-गुळाची खीर, वाफा येत होत्या. मग तिनं सूर लावला. पाहुण्यासमोर जरा लाजत, पण ठाम:

"खा गो बाय, खा सुखानं, हा वाटा न्हाय निवदाचा…
पहिल्या वाफेचा काढलाय, तुमचा हाय तुमचा…
आईला मंग वाढलंय, आईला मंग वाढलंय…"

सेजलताईला अर्थ लागला नाही. तिनं सारिकाकडं बघितलं. पण सारिका श्रुतिकाकडं बघत होती.

"खरंच," श्रुतिका हळू आवाजात म्हणाली. "मी निवदाचं पान वाढाया घेतलं तर माझा हात धरला. आधी ही दोन ताटं भरून घेतली, मंगच सोमजाईचं वाढू दिलं. मी म्हनलं, काकी, आसं चालतं काय? तर गानं म्हनाया लागली, म्हने, सोमजाई आई समजून घेईल."

बाहेर कुठं तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

सारिकाला कळलं की समोरच्या या बाईनं काय केलं. जी बाई रडत्या लेकरासाठीही क्रम मोडत नव्हती, तिनं आपल्या देवीच्या आधी सुनेला आणि तिच्या पाहुणीला वाढलं होतं. सुनेचा नियम मोडू नये म्हणून स्वतःचा मोडला होता. आणि ते करताना तिच्या तोंडावर ना भीती होती ना उपकार केल्याचा भाव. आपण सतरा नियम पाळले. त्यातला एकही आपल्याला इथपर्यंत आणू शकला नव्हता.

ती उठली, सासूजवळ गेली, तिच्या पायांपाशी बसली. "आई, मला तुमच्या हातानं भरवा."

रंगूबाईनं डाव्या हातानं घास केला. अर्धा भात सारिकाच्या हनुवटीवर सांडला. दोघी हसल्या.

सेजलताई बराच वेळ ताटाकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटून प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लांब, आणि जेवायला सुरुवात केली. ताट संपवलं. श्रुतिकानं विचारल्यावर म्हणाली, "थोडा भात अजून वाढा."

दुसऱ्या दिवशी सारिका तिला खाली सोडायला निघाली. दव पडलेलं होतं. खाली दरीत ढगांचं सरोवर साचलेलं, त्यातून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आलेले.

"मी लिहिलेलं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही," सेजलताई एका वळणावर थांबून म्हणाली.

"मीही म्हणत नाही, ताई. पण ते पाळताना माझं लक्ष सगळं माझ्याकडंच असायचं. मी शुद्ध आहे का, मी चुकले का. प्रभू बाजूलाच राहायचा. आता तो माझ्यात आहे की नाही हे मला विचारावं लागत नाही. तो असला की माझं माणसांशी जुळतं. नसला की कळतंच, कुठंतरी बेसूर होतं."

"आणि उद्या कुणी तुला देवळात ये म्हटलं तर?"

सारिकानं विचार केला. "तेव्हा त्यालाच विचारीन. सोमजाईचं नाव मी अजूनही घेत नाही, ताई. आई घेऊ देत नाहीत. त्या शब्दाशी त्याच हात दाबतात."

सेजलताईला हसू आलं. मग ती एकदम गंभीर झाली. "तुझ्या खोलीवर यायचे ना मी, त्या दिवसांत… तेव्हा माझ्याजवळ काहीच लिहिलेलं नव्हतं, सारिका. काय करायचं ते मला माहीतच नव्हतं."

"म्हणून तर तुम्ही नुसत्या बसलात."

दोघी उमरठला उतरल्या. जीप आली. सेजलताईनं खिडकीतून हात काढून तिचा हात घट्ट धरला, आणि ढगांच्या सरोवरात जीप उतरत दिसेनाशी झाली.

दिवाळीनंतर सुनीलनं मुंबईची खोली सोडली आणि महाडला एका कंपनीच्या गाडीवर काम धरलं. सारिकानं पोलादपूरच्या एका दवाखान्यात आयाचं काम घेतलं; दिवसा रंगूबाईजवळ श्रुतिका असायची. दर रविवारी ती महाडला उपासनेला जायची. तिथं सात-आठ माणसं भाड्याच्या खोलीत जमायची. एकदा तिनं प्रार्थना कोंडाच्या चालीवर म्हटली, तर दोघीतिघींनी माना डोलावल्या आणि एक म्हातारे गृहस्थ नाराज झाले. तिनं त्यांना नंतर चहा नेऊन दिला. तो त्यांनी घेतला.

माघात पलीकडच्या वाडीतून एक माणूस तिला शोधत आला. त्याच्या वडिलांना, सयाजींना, तसाच लकवा झाला होता, वाचा गेली होती. सारिका गेली. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"यांना कुठलं गाणं येतं?" तिनं विचारलं.

"गानं?" मुलगा म्हणाला. "आमच्या बानं जन्मात गानं म्हनलं न्हाय. भजनाला बसला तरी झोपायचा."

"मग नांगर धरल्यावर बैलांना काय म्हणायचे?"

मुलानं थोडं आठवलं, लाजत घसा साफ केला आणि ती लांब, वळण घेत जाणारी हाळी घातली. भिंतीकडं तोंड केलेल्या म्हाताऱ्याचा खांदा हलला. सारिका खाटेच्या कडेला बसली, त्याचा चांगला हात हातात घेतला आणि मुलाला म्हणाली, "दादा, परत घाला. सावकाश."